निवृत्तीच्या तोंडावर आलेली ‘अतिप्रदान’ वसुली : संमतिपत्रावर सही करावी का?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आणि सोबत पाठवलेली नोटीस मी बारकाईने वाचली. आपण जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात गट क संवर्गात काम करता, येत्या ३१ मे रोजी वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होत आहात आणि १९९४ पासूनची सेवा असल्याने जुनी निवृत्तिवेतन योजना आपल्याला लागू आहे. सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेले तेव्हा आक्षेप निघाला, की २००९ साली सहाव्या वेतन आयोगाची वेतननिश्चिती करताना १ जुलै २००६ ची वेतनवाढ दोनदा हिशेबात धरली गेली आणि ती चूक सातव्या आयोगातही तशीच पुढे आली. त्यामुळे मूळ वेतन ६१,००० ऐवजी ५९,२०० रुपये असायला हवे होते आणि इतक्या वर्षांचे अतिप्रदान, म्हणजे चुकीने जादा दिलेले वेतन, ४,१२,००० रुपये होते, असे कार्यालयाचे म्हणणे आहे. आपल्यापुढे दोन मार्ग ठेवले आहेत. एक, उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) ही रक्कम कापून घेण्यास संमतिपत्र देणे. दुसरा, भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून चलनाने एकरकमी भरणे, म्हणजे ना देय प्रमाणपत्र (कोणतेही येणे बाकी नसल्याचा दाखला) मिळून निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव लवकर पुढे जाईल. यांपैकी कोणता मार्ग कमी नुकसानीचा, असा आपला प्रश्न आहे.

माझ्या मते यांपैकी कोणताही मार्ग आज स्वीकारू नये. संमतिपत्र देऊ नये आणि चलनही भरू नये. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्यावे, वादग्रस्त रकमेपुरता निर्णय राखून ठेवून बाकीचे सर्व लाभ मागावेत आणि संसाराचे अंदाजपत्रक मात्र कमी झालेले वेतन गृहीत धरूनच मांडावे.

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात, कर्मचाऱ्याची काहीही लबाडी नसताना कार्यालयाच्या चुकीने जादा वेतन दिले गेले असेल, तर कोणत्या परिस्थितींत वसुली करता येणार नाही, हे सांगितले आहे. तिसऱ्या व चौथ्या श्रेणीतील, म्हणजे आताच्या गट क आणि ड मधील कर्मचारी. निवृत्त झालेले किंवा वसुलीच्या आदेशापासून वर्षभरात निवृत्त होणारे कर्मचारी. आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ चाललेले जादा प्रदान. वरच्या पदाचे काम करून घेऊन दिलेले वेतन. आणि ज्यात वसुली अतिशय अन्यायकारक किंवा जाचक ठरेल असे इतर कोणतेही प्रकरण, अशा या पाच परिस्थिती आहेत. आपले प्रकरण त्यांतील पहिल्या तिन्हींत बसते. या विचाराला आधीपासूनचा आधार आहे. २००६ च्या एका निकालात याच न्यायालयाने म्हटले होते, की खालच्या पदांवरील कर्मचारी हाती आलेला पगार आपलाच आहे अशा प्रामाणिक समजुतीने घरखर्चात घालतो आणि वर्षानुवर्षे खर्च झालेले पैसे अचानक परत मागितल्याने त्याच्यावर जे ओझे पडते, ते न्यायाला धरून नाही. पुढे २ मे २०२२ रोजी थॉमस डॅनियल विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात एका निवृत्त शिक्षकाकडून मागितलेली वसुली याच आधारावर रद्द झाली. केंद्र शासनाच्या कार्मिक विभागानेही २ मार्च २०१६ च्या ज्ञापनाद्वारे रफीक मसीह निकालातील या परिस्थिती आपल्या सर्व कार्यालयांना कळवल्या आहेत.

आता आपल्या बाजूची कच्ची जागा. २००९ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये वेतननिश्चितीच्या वेळी आपण वचनपत्र दिल्याचे आपण स्वतःच लिहिले आहे. चुकीच्या वेतननिश्चितीमुळे जादा रक्कम मिळाल्याचे आढळल्यास ती परत करीन, असा मजकूर त्यात असतो आणि तो छापील नमुना सगळ्यांकडूनच भरून घेतला जातो. कार्यालय याच कागदावर बोट ठेवेल, कारण २९ जुलै २०१६ रोजी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालय विरुद्ध जगदेव सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे वचन दिलेल्या अधिकाऱ्याकडून वसुली करण्यास मान्यता दिली. जादा रक्कम परत करावी लागेल याची सूचना त्याला पैसे घेतानाच मिळाली होती, हे त्यामागचे कारण. मात्र तो निकाल नीट वाचला पाहिजे. त्यातील व्यक्ती न्यायिक अधिकारी होती, गट क मधील कर्मचारी नव्हती, आणि न्यायालयाने अपवाद केला तो पाचांपैकी दुसऱ्या, म्हणजे निवृत्तांविषयीच्या परिस्थितीला. गट क ला मिळालेले संरक्षण त्या निकालाने काढून घेतलेले नाही, हा युक्तिवाद आपल्याला करता येतो आणि मला तो भक्कम वाटतो. तरीही तो युक्तिवादच आहे, निकालाची हमी नव्हे. म्हणून वकिलांना भेटाल तेव्हा ही दोन्ही वचनपत्रे सर्वांत आधी त्यांच्यापुढे ठेवा. ती लपवून मागितलेला सल्ला कामाचा नसतो.

या जुन्या वचनपत्रांमुळेच नवे संमतिपत्र देऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो. जुना मजकूर सर्वसाधारण होता आणि सही केली तेव्हा चूक झाल्याचे कोणालाच ठाऊक नव्हते. आज रकमेचा आकडा आणि कारण दोन्ही लिहिलेल्या कागदावर आपण राजीखुशीने सही केली, तर पुढे ‘मला म्हणणे मांडण्याची संधीच मिळाली नाही’ असे आपल्याला म्हणता येणार नाही. ही संधी आपल्याला नियमानेच मिळालेली आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम १३४-अ निवृत्तिवेतनातून जादा रकमेची वसुली करू देतो, पण त्याआधी कारणे दाखवण्याची वाजवी संधी द्यावी आणि निवृत्तिवेतन ठरलेल्या किमान रकमेच्या खाली जाणार नाही अशा बेताने हप्ते पाडता यावेत, असेही तोच नियम सांगतो. वसुली वैध ठरलीच, तर एकदम चार लाख कापण्याऐवजी हप्ते मागता येतात. जगदेव सिंग प्रकरणातही दोन वर्षांत वाजवी हप्त्यांनी वसुली करण्यास सांगितले गेले होते.

आता हिशेब. संमती दिली, तर ४,१२,००० रुपये नक्की जातात. विरोध केला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, तर वकिलांचे शुल्क व इतर खर्च मिळून आपण ५०,००० रुपये धरू. हा माझा अंदाज आहे आणि प्रत्यक्ष आकडा आपण विचारून घ्यावा. ५०,००० रुपये घालून ४,१२,००० वाचण्याची शक्यता आठांत एक इतकी असली, तरी खर्च वाया गेला असे म्हणता येत नाही. तीन परिस्थितींत बसणाऱ्या आणि जुन्या वचनपत्रांचा अडथळा असलेल्या प्रकरणात शक्यता त्याहून बरीच जास्त आहे, असे माझे मत आहे. ही रक्कम वाचली आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के दराने ठेवली, तर दर तिमाहीला ८,४४६ रुपये हाती येतात. आपले वय साठच्या आत असले, तरी निवृत्तीचे लाभ मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत हे खाते उघडता येते, ही मुदत लक्षात असू द्या. आपल्याच जिल्ह्यात असेच आक्षेप आणखी काही जणींच्या सेवापुस्तकांवर निघाल्याचे आपण लिहिले आहे. तसे असेल, तर संघटनेमार्फत एकत्र याचिका करून खर्च वाटून घेता येईल. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांची अशी प्रकरणे सहसा उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे जातात. राज्य शासनाच्या थेट सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी मात्र महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे.

भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून चलन भरण्याचा सल्ला तर मुळीच मानू नका. ती आपली स्वतःची बचत आहे, तिच्यावर ७.१ टक्के व्याज चालू आहे आणि एकदा चलनाने भरलेली रक्कम परत मिळवणे हे न भरलेल्या रकमेची वसुली थांबवण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. कापलेली रक्कम परत करण्याचे आदेश न्यायालयांनी दिलेले आहेत, पण तोवर वर्षे जातात.

वसुलीच्या धास्तीत एक दुसरी गोष्ट बाजूला पडते. जुने पैसे परत मागणे आणि वेतन दुरुस्त करणे हे दोन वेगळे विषय आहेत. वेतनवाढ खरोखरच दोनदा धरली गेली असेल, तर पुढच्यासाठी वेतन ५९,२०० रुपये करण्याचा कार्यालयाला सहसा अधिकार असतो आणि रफीक मसीह निकाल त्याला अडवत नाही. निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या निम्मे धरले, तर ते ३०,५०० ऐवजी २९,६०० होईल. दरमहा ९०० रुपये आणि त्यावरील महागाईवाढ यांचा हा फरक आयुष्यभराचा आहे. अंशराशीकरणाची, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या काही भागाऐवजी एकदम मिळणारी, रक्कम आणि उपदानही त्याच प्रमाणात कमी होतील. म्हणून आधी आक्षेप खरा आहे की नाही, हे तपासणे अत्यंत आवश्यक आहे. सेवापुस्तकातील २००६ ते २००९ च्या नोंदी, दोन्ही वेतननिश्चितींची विवरणपत्रे आणि वसुलीचा महिनावार तक्ता यांच्या प्रती लेखी अर्ज करून मागवा. ते देण्यास टाळाटाळ झाली, तर माहिती अधिकारात अर्ज करा. सहाव्या आयोगात सर्वांची वेतनवाढ १ जुलैला आणली गेली, तेव्हाच्या नोंदी गुंतागुंतीच्या आहेत. पथकाचा आक्षेप चुकीचा असण्याची शक्यता आधीच सोडून देऊ नये. तक्त्यात महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता कोणत्या दराने धरला आहे, तेही महिन्यागणिक पाहा. जादा दाखवलेल्या रकमेवर त्या त्या वर्षी आपण आयकर भरला असेल आणि वसुली मात्र पूर्ण रकमेची असेल, तर ती बाबही उत्तरात नोंदवा, कारण इतक्या जुन्या वर्षांची विवरणपत्रे आता सुधारता येत नाहीत.

उत्तर दोन पानांपेक्षा मोठे नको. वेतननिश्चिती कार्यालयाने केली, मी कोणतीही चुकीची माहिती दिली नव्हती, मी गट क मध्ये आहे, वर्षभरात निवृत्त होत आहे आणि जादा प्रदान पाच वर्षांहून जुने आहे, ही विधाने एकेका वाक्यात लिहा आणि निकालाचे नाव व तारीख द्या. त्यानंतर हे वाक्य जसेच्या तसे घालावे: ‘वसुलीस माझी संमती नाही, वादग्रस्त रकमेबाबतचा निर्णय प्रलंबित ठेवून उर्वरित उपदान, निवृत्तिवेतन, अंशराशीकरण व रजा रोखीकरणाचे लाभ विनाविलंब द्यावेत, आणि वसुली वैध ठरल्यास नियम १३४-अ प्रमाणे हप्ते मिळावेत, ही विनंती माझ्या हक्कास बाध न येता करीत आहे.’ पत्र आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. ‘ठेवून जा, साहेबांना दाखवतो’ असे कोणी म्हणाले, तर त्याच दिवशी नोंदणीकृत टपालाने तेच पत्र पाठवा. नुसत्या तोंडी बोलण्यावर प्रस्ताव अडवून ठेवला गेला, तर अडवणुकीचे कारण लेखी मागा. प्रशासकीय दिरंगाईने उपदान उशिरा मिळाल्यास त्यावर व्याज देण्याची तरतूद नियमांत आहे आणि आपण प्रत्येक गोष्ट लेखी ठेवली असेल, तरच ते व्याज मागता येते.

गृहकर्जाचे सहा लाख रुपये उपदानातून एका झटक्यात फेडण्याचा आपला बेत होता. तो बदलावा लागेल. उपदान सुमारे दहा लाख येणार असले, तरी त्यातील ४,१२,००० हाती नाहीत असेच समजा. उरलेल्यातून दोन लाख घरखर्च, आजारपण आणि न्यायालयीन खर्च यांसाठी बाजूला ठेवा आणि बाकीची रक्कम कर्जात भरून हप्ता कमी करून घ्या. निकाल आपल्या बाजूने लागला, तर राहिलेले कर्ज तेव्हा फेडता येईल. विरुद्ध लागला, तर हप्त्यांची तयारी आधीच झालेली असेल.

मुलाच्या बाबतीत आपण शेवटी विचारले आहे, की पुण्यातील त्याच्या खासगी कंपनीने एक प्रोत्साहन भत्ता दोनदा जमा केला आणि आता तो पुढच्या पगारातून कापणार आहे, तर हाच निकाल त्याला लागू पडेल का. नाही. वरचे निकाल शासकीय सेवेच्या संदर्भातले आहेत. खासगी नोकरीत २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली वेतन संहिता जादा दिलेल्या वेतनाची कपात करू देते, मात्र एका वेतन कालावधीतील सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यांहून अधिक असू नयेत, अशी मर्यादा आहे. पैसे दुबार आल्याचे त्याला त्याच महिन्यात कळले होते आणि ते अजून खात्यात आहेत, असे आपणच लिहिले आहे. तेव्हा त्याने ते परत करावेत, दोन-तीन महिन्यांत विभागून कपात मागावी आणि भत्त्यावर कापलेला आयकर याच आर्थिक वर्षाच्या हिशेबात दुरुस्त करून घ्यावा. आपली नोटीस पंधरा दिवसांची आहे आणि त्यातले काही दिवस गेले आहेत, म्हणून प्रतींसाठीचा अर्ज उद्याच द्या आणि प्रती हाती येण्याची वाट न पाहता मुदतीच्या आत प्राथमिक उत्तर दाखल करा.