‘तोपर्यंत मेडिकलमधून एक ट्यूब आणली होती’

मुलांच्या त्वचेबद्दलची पत्रं वेगवेगळ्या गावांहून येतात, पण शंका त्याच असतात. बहुतेक पत्रांत एक वाक्यही ठरलेलं असतं: ‘तोपर्यंत मेडिकलमधून एक ट्यूब आणून लावली.’ त्या मलमाच्या ट्यूबबद्दल आज सविस्तर लिहिणार आहे. आधी बाकीचे प्रश्न.

बाळ दीड महिन्याचं आहे. कमरेखाली जन्मापासून निळसर डाग आहे. गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही म्हणून झाला का?

नाही. ग्रहणाचा काही संबंध नाही. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना असा डाग असतो आणि शाळेत जायच्या वयापर्यंत तो बहुधा फिका होतो. लस द्यायला न्याल तेव्हा डॉक्टरांना दाखवून फाइलमध्ये नोंद करून घ्या.

घामोळ्यांवर कोणती पावडर चांगली?

कोणतीच नाही. सैल सुती कपडे, पंख्याचा वारा आणि साध्या पाण्याची अंघोळ पुरते. पावडरीची पूड बाळाच्या श्वासात जाते. फोडांत पू झाला किंवा ताप आला तर दाखवायला न्या.

मुलगी सात वर्षांची आहे. गालांवर फिकट चट्टे आले आहेत. सगळे म्हणतात, जंत झालेत.

सगळे चूक सांगतात. गालावरचे असे फिकट, किंचित खरखरीत चट्टे बहुतेकदा कोरड्या त्वचेमुळे येतात. उन्हानं आजूबाजूची त्वचा रापली की ते जास्त उठून दिसतात. दिवसातून दोनदा बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावा. रंग पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. शाळेत मिळते ती जंतांची गोळी जरूर द्या, पण तिनं हे चट्टे जाणार नाहीत. मात्र चट्टा खडूसारखा पांढरा असेल तर ते कोड असू शकतं. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी हवी. त्यावर सरकारी दवाखान्यात मोफत उपचार मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो. लोकलाजेपायी वेळ घालवू नका.

मुलाला (वय ९) जांघेत गजकर्ण झालं. ट्यूबनं आठ दिवसांत गेलं, पण पुन्हा आलं. आता पोटावरही आहे आणि त्याच्या वडिलांनाही झालंय. जास्त पॉवरची ट्यूब कोणती?

ते गेलंच नव्हतं. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एखादं नाव सापडण्याची शक्यता मोठी आहे. ही स्टेरॉइडं आहेत. जोडीला एक बुरशीनाशक आणि एक अँटिबायोटिक घालून ‘सगळ्यावर एकच’ अशी मलमं विकली जातात. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, म्हणून दोन दिवसांत बरं वाटतं. पण त्या जागची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. ट्यूब बंद केली की ती दुपटीनं वर येते. चट्ट्याचं रूप इतकं बदललेलं असतं की निदान करणंही अवघड जातं. जांघेतली त्वचा पातळ होऊन तिथे कायमचे वळ पडतात.

हीच मलमं गोरं होण्यासाठी मुलींच्या चेहऱ्याला लावली जातात आणि काही महिन्यांत चेहरा लाल होतो, लव वाढते, पुटकुळ्या येतात. तान्ह्या बाळाच्या लंगोटाखालच्या पुरळावरही लावली जातात, त्याची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. बाळाचं वजन कमी आणि त्या मानानं त्वचेचा पृष्ठभाग मोठा, त्यात वरून डायपरचं आवरण. औषध रक्तात उतरतं, चेहरा गोल सुजतो, वाढ खुंटू शकते. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. तरी ती काउंटरवर मागितली की मिळतात, आणि हे बंद झालंच पाहिजे.

स्टेरॉइड वाईट नाही. इसबाच्या मुलांना मी स्वतः देते, पण योग्य ताकदीचं, ठरलेल्या जागी, ठरलेले दिवस. तुम्ही मुलाला आणि वडिलांना एकत्रच त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या आणि ती ट्यूब सोबत घ्या. दोघांचे टॉवेल वेगळे ठेवा, ओलसर चड्डी घालू नका. खाज थांबली म्हणून औषध मध्येच सोडू नका.

मुलगा १५ वर्षांचा आहे. मुरमांवर टूथपेस्ट लावली तर चालेल का?

नाही. लिंबू आणि सोडाही नको. मुरमांची औषधं लागू पडायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून दर पंधरवड्याला क्रीम बदलू नका. गाठी दुखत असतील किंवा खड्डे पडू लागले असतील तर लगेच दाखवा, ते खड्डे नंतर बुजवणं कठीण असतं.

बाळाच्या पापणीवर लाल उंचवटा आहे, महिन्याभरात वाढलाय. ‘आपोआप जातो’ असं ऐकलं.

रक्तवाहिन्यांच्या अशा गाठी पुष्कळदा आपोआप विरतात, पण त्याला वर्षं लागतात. पापणीवरची गाठ तोवर डोळा झाकते आणि नजर कायमची अधू होऊ शकते. 2008 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की प्रोप्रॅनोलॉल हे हृदयासाठी वापरलं जाणारं औषध या गाठी आक्रसवतं. आज तोच मुख्य उपचार आहे. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरू करायचा असतो आणि पहिल्या काही महिन्यांत केला तर सर्वांत जास्त उपयोगी पडतो. बालरोगतज्ज्ञांकडे उद्याच जा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनाही याच आठवड्यात दाखवा.