काय हवं ते सांगायचं कसं? नाताळच्या भेटींबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन सात वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला आहे, नवरा इथलाच. नोव्हेंबर लागला की सासूबाईंचा मेसेज येतो, ख्रिसमसला काय हवं त्याची लिस्ट पाठव. माझ्याच्याने ते लिहवत नाही. आमच्या घरी कोणी काही द्यायला लागलं तरी आधी "अहो कशाला" म्हणायची सवय, आपण होऊन मागायचं म्हणजे हावरटपणा वाटतो. मग मी दरवर्षी "काही नको" लिहिते आणि मला सुगंधी मेणबत्त्या नि हँडक्रीमचे सेट येतात, कपाटात सहा पडून आहेत. गेल्या वर्षी नवरा म्हणाला, आईला वाटतं की तुला तिच्याकडून काही नकोच असतं. त्यात मुलगा पाच वर्षांचा, त्याने खेळण्यांच्या कॅटलॉगमध्ये तेवीस वस्तूंभोवती पेनाने गोल केलेत. काय करू? (एक वाचक, रेडिंग)

उत्तर : नवऱ्याने तुम्हाला हे सांगितलं ते फार बरं झालं. "काही नको" लिहिताना तुमच्या मनात असतं की त्यांना उगाच खर्च नको, धावपळ नको, पण सासूबाईंपर्यंत पोचतं ते भलतंच. तिकडे लिस्ट मागणं म्हणजे आपल्याकडे माहेरी जायच्या आधी आई फोन करून विचारते ना, काय करून ठेवू गं, तसं आहे, आणि त्यावर दरवेळी "काही नको" ऐकलं तर आईचा किती हिरमोड होईल सांगा. आणि आपण मागत नाही असं तरी कुठे आहे, भाऊबीजेला भावाला "यंदा साडी नको, मिक्सर दे" म्हणून सांगणाऱ्या बहिणी मी ढीगभर बघितल्यात आणि त्यांना कोणी हावरट म्हणत नाही. उलट बारशाला कोणी काही सांगत नाही म्हणून एकाच मापाची सात सात झबली जमतात.

माझंही सुरुवातीला तुमच्यासारखंच होतं. यॉर्कशायरमधल्या माझ्या दुसऱ्या ख्रिसमसला मी धीर करून एकच गोष्ट लिहिली, पोळ्यांसाठी सपाट लोखंडी तवा. सासूबाईंचे तीन फोन आले, कडा किती उंच हवी, दांडा चालेल का, तुझ्या शेगडीवर मावेल का, आणि शेवटी सासरे टेप घेऊन आमच्या स्वयंपाकघरात शेगडी मोजायला आले! तो तवा आजही रोजच्या वापरात आहे आणि त्या आल्या की आधी विचारतात, माझ्या तव्यावरची पोळी कधी मिळणार. मेणबत्तीने हे झालं नसतं.

आता लिस्ट कशी करायची ते सांगते. आजपासून फोनमध्ये एक नोट उघडा आणि घरात काही अडलं की तिथेच लिहा, छत्रीची काडी मोडली, डब्याचं झाकण गळतं, हिवाळ्यात पाय गार पडतात, पंधरा दिवसांत आठ-दहा गोष्टी सहज जमतील. त्यातल्या पाच-सहा पाठवा, पण किमती वेगवेगळ्या ठेवा, दोन-तीन दहा पौंडांच्या आतल्या, एखादी वीस-तीसची, म्हणजे देणाऱ्याला आपल्या ऐपतीप्रमाणे निवडता येतं आणि नेमकं काय मिळणार ते तुम्हालाही आधी कळत नाही. मोठं काही हवं असेल तर "सगळ्यांनी मिळून एकच दिलंत तर आवडेल" असं सरळ लिहा, उदाहरणार्थ नॅशनल ट्रस्टची फॅमिली मेंबरशिप, मुलाला घेऊन वर्षभर जुने वाडे नि बागा बघता येतील. कपड्यांचा साइज, पुस्तकाचं पूर्ण नाव, रंग हे लिहायला लाजू नका. सेकंडहॅण्ड चालत असेल तर तेही लिहा, सासूबाईंना चॅरिटी शॉपमध्ये शोधायची आवड असेल तर त्या खूशच होतील. आणि गिफ्ट रिसीट सोबत ठेवायला सांगा, तिच्यावर किंमत छापलेली नसते, बदलून घ्यायला सोपं पडतं, तिथे कोणाला त्यात वावगं वाटत नाही. मेसेजच्या शेवटी एक ओळ जरूर टाका, "तुमची पण लिस्ट पाठवा."

मुलाचं जरा वेगळं आहे. तेवीस गोल बघून घाबरू नका, त्या वयात बघितलं की हवंसं वाटतं. कॅटलॉग आठवडाभर वर ठेवून द्या आणि मग रात्री झोपवताना नुसतं विचारा, काय काय हवं होतं रे तुला? न बघता जी दोन-तीन नावं तोंडात येतील तीच खरी. तिथल्या बऱ्याच घरांत चार भेटींचा नियम असतो, एक मनापासून हवी असलेली, एक गरजेची, एक अंगात घालायची, एक वाचायची, मला तो फार आवडतो. कोणती वस्तू आजीला सांगायची, कोणती आत्याला, हे तुम्ही दोघं आधीच वाटून घ्या, नाहीतर एकच ट्रेन तीन ठिकाणांहून येते. भेटींसाठी टांगतात त्या मोज्यात तळाशी छोटं संत्रं ठेवायची जुनी पद्धत आहे, तीही पाळा.

आणि त्याच्याकडून फादर ख्रिसमसला, म्हणजे सांताक्लॉजला, पत्र लिहून घ्याच. रॉयल मेलचा खास पत्ता आहे, सांताज ग्रोटो, रेनडिअरलँड, एक्सएम४ ५एचक्यू. तिकीट लावा, आत मुलाचं नाव आणि घरचा पूर्ण पत्ता लिहा म्हणजे उत्तर येऊ शकतं, आणि नोव्हेंबरातच टाका. अमेरिकेत तर १९१२ साली पोस्टमास्टर जनरल फ्रँक हिचकॉक यांनी सांताच्या नावाने आलेल्या पत्रांना उत्तरं द्यायची परवानगी टपाल कर्मचाऱ्यांना आणि नागरिकांना दिली होती, इतकं हे मागणं तिकडे रुळलेलं आहे. पत्रात फक्त एकच वस्तू लिहायची असं ठरवा, ती कोणती हे ठरवायला तो दोन दिवस घेईल, घेऊ दे.

प्रश्न : पुण्यात आयटी कंपनीत आहे. आमच्याकडे सीक्रेट सांताला (चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याला गुपचूप भेट द्यायची) ५०० रुपयांची लिमिट असते आणि फॉर्ममध्ये "तुमची इच्छा" असा रकाना असतो. मी कायम "काहीही चालेल" लिहितो आणि कायम कॉफी मग मिळतो. (पुणे)

उत्तर : तुमची चिठ्ठी कदाचित अशा कोणाला निघते ज्याने तुम्हाला फक्त लिफ्टमध्ये बघितलंय, त्या बिचाऱ्याने काय ओळखावं? रकान्यात आवड नि वस्तू दोन्ही लिहा. "सकाळी फिल्टर कॉफी लागते, पाव किलो पावडर, चिकोरी कमी" किंवा "शाईपेनाने लिहितो, निळी शाई". कॉफीचे मग भरपूर झालेत, तेही लिहून टाका.