लॅपटॉप सारखा क्रॅश होतोय, सर्व्हिस सेंटर म्हणतंय मदरबोर्ड गेला. फॉरमॅट मारू की नवीनच घेऊ?

फॉरमॅट करू नका. निदान आज तरी नका करू.

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप दोन वर्षांचा आहे, कधी निळी स्क्रीन येते कधी नुसताच रीस्टार्ट होतो, त्यावरचा एररचा कोड दर वेळी वेगळा असतो, मित्र म्हणतो फॉरमॅट मार आणि सर्व्हिस सेंटरवाल्यानं मागचं झाकणसुद्धा न काढता मदरबोर्ड सांगितला. हे वाचून मला राहवलं नाही, कारण हेच दोन सल्ले मला मिळाले होते, याच क्रमानं, आणि दोन्ही साफ चुकीचे निघाले.

माझं कराडला डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पतसंस्थांचे अहवाल, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट, सगळं एका लॅपटॉपवर, मोठा मॉनिटर जोडून. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन चालू होतो आणि मग जेवायला फुरसत नसते. नेमकं त्यातच सुरू झालं हे. कोरलमध्ये (आम्ही डिझाइन ज्यात करतो ते सॉफ्टवेअर) जड फाइल उघडली की निळी स्क्रीन. साधं टायपिंग करताना कधी काहीच नाही, चार फोटो टाकून बॅकग्राउंड लावलं की गेलं. मी तेव्हाच घरात म्हटलं होतं की याला काहीतरी नियम आहे, मेमरी भरत आली की पडतंय हे. कुणी ऐकलं नाही.

माझे दाजी पुण्यात हिंजवडीला आयटीत आहेत. माणूस चांगला आहे, अडीअडचणीला धावून येतो, पण घरात कॉम्प्युटरचं काहीही निघालं की शेवटचा शब्द त्यांचा, आणि मी सकाळी दहापासून रात्रीपर्यंत त्याच मशीनवर बसते ते कुणाच्या हिशोबातच नाही. दाजींकडं सगळ्यावर एकच औषध, फॉरमॅट. रविवारी आले, पेनड्राइव्ह लावला, फॉरमॅट मारला. इन्स्टॉल अर्ध्यात एरर देऊन थांबलं. परत लावलं तर तोच पेनड्राइव्ह, तीच फाइल, काहीही न बदलता पूर्ण झालं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मी म्हणत होते की अहो दाजी, एकदा फेल आणि एकदा पास, मधे काहीच बदललं नाही, हे तर जास्त वाईट लक्षण आहे. ते म्हणाले, विंडोजचं असं होतं कधीकधी.

विंडोजचं असं होत नसतं. इन्स्टॉलच्या फाइली दाबून भरलेल्या असतात, त्या रॅममध्ये उलगडून मग डिस्कवर लिहिल्या जातात. रॅममध्ये एक बिट जरी उलटा पडला तरी तपासणीत आकडा जुळत नाही आणि इन्स्टॉल थांबतं, आणि ज्या जागी तपासणी होत नाही तिथं चुकीचंच लिहिलं जातं आणि कुणाला कळतही नाही. म्हणजे रॅम खराब असताना फॉरमॅट मारणं म्हणजे बरं चाललेलं विंडोज पुसून त्या जागी अर्धवट सडलेलं विंडोज बसवणं. वर आधीचे क्रॅशचे सगळे रेकॉर्ड पुसले जातात, ज्यावरून काही समजलं असतं. मला तर श्रीलिपी, म्हणजे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, परत टाका, कोरलचे शॉर्टकट परत लावा, गिऱ्हाइकांनी दिलेले जुने फॉन्ट शोधा, हे सगळं भर सीझनमध्ये निस्तरावं लागलं, आणि क्रॅश जिथल्या तिथं.

मग दाजींनी दुसरं काढलं. मी आधीच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या रिपेअरिंगवाल्या पोराकडून आठ जीबीची एक रॅम वाढवून घेतली होती, कंपनीची आठ आणि ही आठ अशी सोळा. "कंपनीच्या लॅपटॉपमध्ये गल्लीतली रॅम घातल्यावर दुसरं काय होणार" असं म्हणाले, आईसमोर. आता मी पहिल्यांदा रॅमचं नाव काढलं तेव्हा हेच म्हणाले होते की रॅमला हलणारा पार्ट नसतो, ती जात नसते. म्हणजे मी म्हटलं की रॅम जात नाही, आणि त्या पोरानं बसवली म्हटलं की जाते.

त्या आठवड्यात एक पत्रिका होती, आजोबांपासून नातवापर्यंत नावांची रांग आणि मागं मित्रमंडळाची वेगळी, प्रूफ पास होऊन फायनल झालेली. सकाळी ट्रेसिंग, म्हणजे प्रेसला द्यायची छपाईची प्रत, काढायला फाइल उघडली तर उघडेना. बॅकअपची कॉपी पेनड्राइव्हवर होती, तीही उघडेना, कारण ती याच मशीनवरून कॉपी केलेली. मुलीचे वडील समोर उभे, प्रेसवाल्याचा फोन चालू. सगळं मॅटर परत टाइप करून, परत बसवून, त्यांना समोर बसवून प्रूफ वाचून घेतलं. नाव चुकलं असतं तर त्या माणसाला मी काय तोंड दाखवलं असतं. तेव्हापासून कुणी "फक्त क्रॅशच होतोय ना, डेटा आहे ना" म्हटलं की मला चीड येते. क्रॅश दिसतो तरी. फाइल आतून बिघडत असते ती दिसत नाही.

दाजींनीच मग सर्व्हिस सेंटरला पाठवलं. तिथं काउंटरवर लॅपटॉप चालू केला, बंद केला आणि मदरबोर्ड बदलावा लागेल, सव्वीस हजार. काय टेस्ट केली विचारलं तर "इंजिनिअरनं चेक केलंय". मी तसाच उचलून आणला.

शेवटी गेले त्या गल्लीतल्या पोराकडंच. त्यानं आधी एकच विचारलं, ताई, झिप फाइली उघडताना सीआरसी एरर (फाइल आतून बिघडल्याची सूचना) येतो का? येत होता. डाउनलोड केलेली फाइल एकदा उघडायची नाही, परत डाउनलोड केली की उघडायची, मी नेटला दोष देत होते. त्यानं पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, लावला, रात्रभर ठेवला, सकाळी स्क्रीनवर लाल ओळीच ओळी. मग एकेक रॅम काढून लावली. त्यानं बसवलेली रॅम दोन्ही स्लॉटमध्ये स्वच्छ. खराब होती ती लॅपटॉपसोबत कंपनीतून आलेली. ती कुठल्याही स्लॉटमध्ये लावा, एरर देतेच. तेव्हा दुसरी रॅम दोन हजाराच्या आत मिळाली, आणि मदरबोर्ड अजून तोच आहे, आत्ता हे त्याच्यावरच टाइप करतेय.

आता तुमचं. कोड दर वेळी वेगळा येतो म्हणालात, ही मोठी खूण आहे. एकच कोड आणि खाली दर वेळी एकाच डॉट सिस (.sys) फाइलचं नाव येत असेल तर ड्रायव्हरकडं बघायचं. कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी पेज फॉल्ट, कधी आयआरक्यूएल, असं भटकत असेल तर मी पहिल्यांदा रॅमच तपासेन. स्टार्टमध्ये रिलायबिलिटी टाइप करा, रिलायबिलिटी हिस्टरी उघडेल, त्यात तारखेवार सगळं दिसतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल पॉवर ४१ दिसला की लोक पॉवर सप्लाय गेला म्हणून घाबरतात. तसं नसतं, त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता परत चालू झालं, कारण त्यात नसतं. त्याच्या आसपास व्हिया लॉगरची (WHEA-Logger) नोंद असेल तर मात्र हार्डवेअरनं स्वतःच तक्रार केलीय असं समजा.

मेमटेस्ट८६ प्लस फुकट आहे, पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं. विंडोजमधली जी मेमरी टेस्ट आहे ती पास झाली म्हणून समाधान मानू नका, बऱ्याचदा तिला सापडत नाही ते याला सापडतं. आणि पाच मिनिटं चालवून बंद करू नका, काही रॅम गरम झाल्यावरच चुका करतात. एक जरी एरर आला तरी फेल, रॅममध्ये "थोडेसे एरर चालतात" असं काही नसतं. एरर आला की एकेक रॅम एकेका स्लॉटमध्ये लावून बघा. एरर रॅमच्या मागं फिरला तर रॅम, स्लॉटच्या मागं राहिला तर स्लॉट किंवा बोर्ड, आणि तेव्हा सर्व्हिस सेंटरवाला बरोबर असू शकतो. रॅम काढण्याआधी अडॅप्टर काढा, आतल्या बॅटरीचं कनेक्टर सोडवा, बाजूच्या दोन क्लिपा हलक्या हातानं बाहेर ढकलल्या की रॅम तिरकी वर येते. परत लावताना पट्टीवरची खाच बघून तिरकी आत सारायची आणि खाली दाबायची. कधीकधी नुसती काढून घालूनही प्रॉब्लेम जातो, कॉन्टॅक्ट सैल असतो.

मेमटेस्ट स्वच्छ निघाला तर लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवा, इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं चालवायचं, आणि दोन-चार तास त्यावर व्हिडिओ वगैरे बघा. तिथंही पडला तर विंडोजचा काही संबंध नाही आणि तुमच्या मित्राचा विषय संपला. ही एक टेस्ट दाजींनी पहिल्या रविवारी केली असती तर माझा अख्खा सीझन वाचला असता, पण फॉरमॅट मारणाऱ्यांना टेस्टमध्ये रस नसतो. ताप आला की अंथरूण बदलायचं आणि उपचार केले म्हणायचं, तसं आहे ते.

निळी स्क्रीन न येता एकदम काळा होऊन बंद पडत असेल तर गोष्ट वेगळी. मग उष्णता नाहीतर पॉवर. एचडब्ल्यूइन्फो नावाच्या प्रोग्रॅममध्ये तापमान बघा, बंद पडण्याआधी १०० अंशांच्या आसपास जात असेल तर पंखा साफ, प्रोसेसरवरची पेस्ट नवीन. नुसत्या बॅटरीवर आणि मग नुसत्या अडॅप्टरवर चालवून बघा. आणि मशीन पाच-दहा सेकंद गोठून मग पडत असेल तर डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो चालवा, तिथं कॉशन आलं असेल तर डिस्क बदलायला काढा.

तुम्ही इंटेलच्या तेराव्या पिढीच्या प्रोसेसरचंही विचारलंय. २०२४ मध्ये प्रोसेसर बिघडून मशीन क्रॅश होण्याचं जे गाजलं ते डेस्कटॉपच्या प्रोसेसरचं होतं, लॅपटॉपच्या प्रोसेसरना तो दोष नाही असं इंटेलनं सांगितलंय. त्यात वेळ घालवू नका.

आणि रॅम जात नसते म्हणणाऱ्यांसाठी, दाजींसाठीही. गूगलनं आपल्या सर्व्हरच्या रॅमचा टोरंटो विद्यापीठाबरोबर अभ्यास करून २००९ मध्ये छापला होता, त्यात वर्षाला ८ टक्क्यांहून जास्त रॅम पट्ट्यांवर निदान एक तरी एरर सापडला होता. तिथं सर्व्हरमध्ये चूक पकडणारी रॅम असते म्हणून मोजता तरी आलं. आपल्या साध्या लॅपटॉपमध्ये ती सोय बहुतेक नसतेच, म्हणून कळत नाही, आणि कळत नाही म्हणून "जात नसते". हे मी त्यांना पाठवलं होतं. निळ्या टिक आल्या, उत्तर आलं नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मेमटेस्टसाठी काही लॅपटॉपमध्ये बायोसमधलं सिक्युअर बूट बंद करावं लागतं, आणि बिटलॉकर (डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप) चालू असेल तर त्यानंतर विंडोज रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून आधी काढून कागदावर लिहून ठेवा, मग बाकी सगळं. बॅकअप याच मशीनवर कॉपी करून घेऊ नका, डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला केसिंगमध्ये लावून घ्या, त्यालाही ती की लागेल. वॉरंटी किंवा एक्स्टेंडेड वॉरंटी शिल्लक असेल तर स्वतः उघडू नका, मेमटेस्टच्या स्क्रीनचा फोटो घेऊन जा आणि लेखी कारण मागा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, मग बदलणं सोपं नाही, मॉडेल नंबर टाकून आधी बघा. टचपॅड वर उचललं गेलं असेल किंवा खालचं झाकण फुगलं असेल तर यातलं काहीच करू नका, बॅटरी फुगलीय, लगेच बंद करा आणि चार्जिंगला लावू नका. आणि माझी रॅम निघाली म्हणून तुमचीही तीच असेल असं मी म्हणत नाही, मदरबोर्डही जातात. पण टेस्ट न करता कुणी सांगितलं तर त्याला एक रुपया देऊ नका.

नवीन लॅपटॉप आत्ता घेऊ नका. रात्री मेमटेस्ट लावा, सकाळी फोटो इथं टाका, रिलायबिलिटी हिस्टरीतले शेवटचे चार-पाच कोडही टाका, मी बघते. आणि त्या मित्राच्या हातात पेनड्राइव्ह देऊ नका तोपर्यंत.