जिम बॉल घ्यायचाय? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

जिम बॉल म्हणजे व्यायामासाठीचा हवा भरायचा मोठा बॉल, त्याबद्दल सांगली-साताऱ्याकडून बरेच प्रश्न आलेत, त्यातले काही इथे घेते.

मॅडम, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७८ किलो. दुकानात ५५, ६५, ७५ असे बॉल आहेत, कुठला घेऊ? – विश्रामबाग, सांगली

५५ चा घ्या. हे आकडे सेंटीमीटरमधले, पूर्ण हवा भरल्यावर बॉल किती उंच होतो त्याचे. साधारण पाच फुटांपासून साडेपाचपर्यंत ५५, तिथून पुढे सहा फुटांपर्यंत ६५ आणि त्याहून उंच असाल तर ७५. पण खरं कळतं ते बसून बघितल्यावरच, तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि कंबर गुडघ्यांच्या रेषेत किंवा किंचित वर हवी. गुडघे कंबरेच्या वर येत असतील तर हवा कमी आहे नाहीतर बॉल लहान. वजन जास्त असलं की बॉल दबतो, त्यामुळे ५५ मध्ये पूर्ण हवा भरूनही गुडघे वरच राहिले तर ६५ घ्या. बॉक्सवर अँटी-बर्स्ट लिहिलंय का आणि किती किलोपर्यंत चालतो ते नक्की बघा, अँटी-बर्स्ट म्हणजे काही टोचलं तरी हवा हळूहळू जाते, फट्कन फुटून माणूस जमिनीवर आपटत नाही, बाकी रंग आणि ब्रँडसाठी जास्त पैसे घालवू नका. आणि पहिल्याच दिवशी टम्म भरू नका, थोडा कमी भरून एक दिवस तसाच ठेवा म्हणजे प्लास्टिक ताणलं जातं, मग बाकीची हवा भरा. भिंतीवर ५५ सेंटीमीटरला पेन्सिलने खूण केली की माप लगेच कळतं.

मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवसभर कॉम्प्युटरवर हिशोबाचं काम आहे, कंबर धरते. खुर्ची काढून बॉलच ठेवू का? – सांगली

नको दादा, अजिबात नको. हा बॉल १९६३ साली इटलीत तयार झाला आणि स्वित्झर्लंडमधल्या फिजिओथेरपिस्टनी तो उपचारासाठी, हालचाल करून घेण्यासाठी वापरायला सुरुवात केली. खुर्चीऐवजी बॉलवर बसवून केलेल्या अभ्यासांत पाठीच्या स्नायूंच्या कामात फारसा फरक दिसला नाही, उलट जास्त वेळ बसल्यावर लोकांना त्रासच जास्त जाणवला. टेकायला पाठ नाही, हात ठेवायला जागा नाही, मग अर्ध्या तासात माणूस पोक काढूनच बसतो ना. तुम्ही खुर्चीच नीट करा, कंबरेमागे छोटी उशी घ्या, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला आणा आणि अर्ध्या तासाने उठून यार्डातच एक चक्कर मारून या. बॉल संध्याकाळी घरी दहा-पंधरा मिनिटं वापरा, त्यातच त्याचा खरा फायदा आहे.

द्राक्षबागेत दिवसभर हात वर करून विरळणी करतो आम्ही बायका, रात्री पाठ आणि मान ठणकते. बॉलचा काय व्यायाम करू? – तासगाव

ताई, तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण हे काम किती जड असतं ते बाहेरून कळत नाही. दोनच व्यायाम सांगते. पहिला, चटईवर उताणं झोपायचं, पोटऱ्या बॉलवर ठेवायच्या आणि श्वास सोडत कंबर हळू उचलायची, पाच मोजायचे, खाली. सुरुवातीला आठ-दहा वेळा पुरे. दुसरा, बॉल भिंत आणि कंबरेच्या मध्ये धरून उभं राहायचं, पाय थोडे पुढे, आणि अर्धं बसून परत उठायचं, याने मांड्या मजबूत होतात आणि वाकताना सगळा भार कंबरेवर येत नाही. मानेसाठी मात्र बॉल लागत नाही, बागेतच अधूनमधून हात खाली सोडून खांदे मागे फिरवत जा आणि शक्य असेल तिथे उंचीसाठी पाट किंवा स्टूल घ्या.

कंबरेपासून डाव्या पायात मुंग्या येतात, चवड्यात जोर कमी झालाय. बॉलवर पोटाचे क्रंच करू का? – कोरेगाव

आत्ता बॉल बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा, कारण पायातला जोर कमी होणं म्हणजे नस दबत असण्याची शक्यता असते. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला तर थेट दवाखान्यात जा, एक रात्रही थांबू नका. आणि क्रंच, म्हणजे डोकं-खांदे उचलून पुढे वाकायचा पोटाचा व्यायाम, तर डिस्कच्या (दोन मणक्यांमधल्या गादीच्या) त्रासात मी सुचवतच नाही, पुढे वाकण्याने डिस्कवर दाब वाढतो.

आईचं वय ७०, हाडं ठिसूळ आहेत असं डॉक्टर म्हणाले. तिला बॉल चालेल का? – सातारा

एकट्याने नाही. बॉल घरंगळतो आणि त्या वयात पडणं परवडत नाही, गुळगुळीत फरशीवर तर नकोच. वापरायचाच असेल तर बॉल कोपऱ्यात दोन्ही भिंतींना टेकवायचा, खाली रबरी मॅट, घरातलं कुणीतरी शेजारी उभं आणि आईंनी फक्त बसून पावलं आळीपाळीने उचलायची. पुढे वाकायचे व्यायाम ठिसूळ मणक्याला धोक्याचे, ते टाळा. खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी पक्क्या खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं जास्त कामाचं आहे, तेच दिवसातून दोन वेळा करून घ्या.