मधुमेहाने खराब झालेल्या नसा अश्वगंधा आणि निर्गुंडीने बऱ्या होतात का?

तुमच्या वडिलांना बारा वर्षांचा मधुमेह आहे, तळपायाला मुंग्या येतात, रात्री आग होते. वैद्यांनी अश्वगंधा चूर्ण आणि निर्गुंडीचं तेल दिलंय, आणि त्याला पुरावा काय, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. आईच्या पायांपायी हे सगळं वाचावं लागलं, एवढाच माझा अधिकार.

आग कमी होणं वेगळं आणि नस सुधारणं वेगळं. आईच्या पायांची आग दीड-दोन वर्षांनी थांबली, तेव्हा तेलाला गुण आला म्हणून आम्ही खूश होतो. मग एका संध्याकाळी ती देवळातून घरी आली ती एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत निसटली होती आणि तिला पत्ताच नव्हता. आगीची खबर देणाऱ्या नसाच गेल्या होत्या. म्हणून 'आता त्रास नाही' एवढ्यावर समाधान मानू नका. दवाखान्यात बारीक नायलॉनचा तंतू टेकवून आणि कंप पावणारा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) हाडाला लावून संवेदना तपासतात. ती तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्या.

आता पुराव्याचं. अश्वगंधेचं नसांवरचं बहुतेक काम उंदरांवर झालंय. स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून उंदराला मधुमेही करायचं आणि काही आठवडे अर्क पाजायचा. उंदराच्या पायाची नस काही सेंटिमीटरची. आपल्याकडे कण्यापासून अंगठ्यापर्यंत जवळजवळ मीटरभर तार, आणि ती वाढलीच तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर. त्यामुळे 'एकवीस दिवसांत नस मोकळी' असं कुणी म्हणालं की मी खिशावर हात ठेवतो.

माणसांवरच्या चाचणीत काय होऊ शकतं ते जपानमध्ये दिसलं. गोशाजिंकिगान हा तिथला दहा घटकांचा जुना काढा, त्यात बचनाग या विषारी वनस्पतीचा भाऊबंदही, शोधन करून म्हणजे विष उतरवून, घातलेला असतो. कर्करोगाच्या ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधाने हातपाय बधिर होतात, ते टाळायला तो देऊन पाहिला. आधीच्या छोट्या चाचणीत आशा वाटली. मोठ्या चाचणीचा निकाल २०१५ साली छापून आला, त्यात काढा घेणाऱ्या ५०.६ टक्के लोकांना त्रासदायक बधिरपणा आला आणि खोटं औषध घेणाऱ्या ३१.२ टक्के लोकांना. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

सगळ्यात भक्कम पुरावा कुणाचा असेल तर आपल्या मिरचीचा. (तीही मूळची आपली नव्हेच, पोर्तुगीजांनी आणलेली.) तिच्यातल्या कॅप्सेसिनची ८ टक्क्यांची पट्टी अमेरिकेत २००९ साली नागिणीनंतरच्या वेदनेसाठी आणि २०२० साली मधुमेही पायांच्या वेदनेसाठी मंजूर झाली. पायाला अर्धा तास लावतात, असर साधारण तीन महिने टिकतो. पण तीसुद्धा वेदना सांगणाऱ्या तंतूंची टोकं काही काळ गप्प करते. आणि हो, घरी मिरची वाटून पायाला लावू नका, हे सांगावं लागतं कारण आमच्या एका नातेवाइकांनी ते केलंय.

वडील मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी घेत असतील तर आधी बी-१२ जीवनसत्त्व तपासा. त्या गोळीने वर्षानुवर्षं बी-१२ कमी होत जातं, आणि त्या कमतरतेनेही अशाच मुंग्या येतात. शाकाहारी असाल तर जास्तच. आईचं बी-१२ तळाला गेलं होतं आणि आम्ही घरात तेलाच्या बाटल्या मोजत बसलो होतो.

चूर्णाच्या जोडीला भस्म असेल तर मात्र थांबा. २००८ च्या एका अमेरिकन अभ्यासात इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी २०.७ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिशाने तर नसाच खराब होतात. अश्वगंधेने साखर आणखी उतरू शकते, क्वचित यकृतालाही त्रास होतो, म्हणून डॉक्टरांना सांगूनच घ्या.

निर्गुंडीचं तेल हलक्या हाताने चोळायला हरकत नाही, चोळल्याने बरं वाटतंच. बोटांच्या बेचक्यांत राहू देऊ नका आणि वरून शेक अजिबात नको. आईच्या टाचेला गरम पाण्याच्या पिशवीने लिंबाएवढा फोड आला होता, तोही कळला चादर ओली झाल्यावर. जखम भरायला तीन महिने गेले. आता ती रोज झोपताना जमिनीवर आरसा ठेवून दोन्ही तळवे बघते.