‘काय करत नाही ओ तो!’

रंकाळ्यावर रोज पहाटे आमच्या लॅबला, म्हणजे लॅब्रडॉर कुत्र्याला फिरवते. एका गृहस्थांचा जर्मन शेफर्ड मोकळाच असतो, दिसलो की धावून येतो. मालक लांबूनच ‘काय करत नाही ओ तो’ म्हणतात. आता आमचा लॅबही कुठलंही कुत्रं दिसलं की भुंकतो. तो बिघडला का?

बिघडला नाही, घाबरलाय. पट्ट्यातल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही. मग समोरच्याला लांब ठेवायला त्याच्याकडे भुंकणंच उरतं. त्यात आपण भीतीनं पट्टा आवळतो आणि संकट आल्याची खबर हातातूनच त्याला पोचते.

रंकाळ्याच्या वाटेवर लांबवरचं दिसतं, त्याचा फायदा घ्या. ताठ अंग, मिटलेलं तोंड, रोखलेली नजर दिसली की तिथूनच वळा. शेपूट हलतेय म्हणजे गोडीत आहे असं समजू नका. उभी, ताठ शेपूट हलत असेल तर तो तापलेला असतो. पळू नका. पट्टा सैल ठेवा आणि बाक किंवा उभी गाडी मध्ये येईल असं चाला. तरी आलाच, तर तुम्ही दोघांच्या मध्ये या, अंग थोडं तिरकं ठेवा, डोळ्यांत बघू नका, खड्या पण शांत आवाजात ‘घरी जा’ म्हणा आणि मूठभर खाऊ त्याच्या पुढ्यात फेका. निसटायला तेवढे क्षण बऱ्याचदा पुरतात. फटकन उघडलेली छत्रीही चालते, पण घरी आधी तुमच्या लॅबला तिची सवय करा.

मालकांशी रागाच्या भरात तिथंच बोलू नका. वेगळ्या वेळी, कुत्री बरोबर नसताना भेटा आणि एकच मागा: ‘आम्ही दिसलो की पट्टा लावा.’ तोवर काही आठवडे लॅबला दुसरी कुत्री लांबूनच दाखवा. तो शांत राहील तेवढं अंतर ठेवा, बघितलं की खाऊ द्या. अंतर त्याच्या कलानं कमी होऊ दे.

आमचं पॉमेरियन लहान आहे. मोठं कुत्रं आलं की उचलून घेऊ का?

जवळ गाडी, फाटक किंवा जिना असेल तरच उचला आणि लगेच आत ठेवा. नुसतं कडेवर घेऊन उभं राहिलात तर मोठं कुत्रं उडी मारतं आणि दात तुमच्या हाता-तोंडाला लागतात.

राजारामपुरीत दोन कुत्री भिडली, सोडवताना मला चावा बसला. जखम छोटी आहे, मालक म्हणतात लस दिलेली आहे.

हे वाचताय तर उठा. वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, चटणी काही लावू नका. आजच सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात जा. कातडीत देतात ती रेबीजची लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. मालकांकडे कुत्र्याच्या लसीचा दाखला मागा, कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवायला सांगा, पण त्यासाठी थांबू नका. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

तुमच्या कुत्र्यालाही डॉक्टरांकडे न्या. दाताचं भोक वरून बारीक दिसतं, आत मांस फाटलेलं असतं. आणि पुन्हा कधी गळपट्ट्याकडे हात घालू नका. माझ्या उजव्या मनगटावर त्याचा व्रण आहे. पाणी ओता, मध्ये पिशवी नाहीतर फळी घाला. दात रुतलेले असताना ओढू नका, जखम फाटते.

सांगून ऐकत नाहीत. तक्रार करता येते का?

येते. पाळीव जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे: 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तारीख-वेळेसह फोटो आणि फिरायला येणाऱ्या इतरांच्या सह्या घेऊन पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. राग मुक्या जिवावर काढू नका. दगड, विष तर नाहीच.

माझा कुत्रा प्रेमळ आहे, मोकळं पळायला हवंच. लोक उगाच ओरडतात.

पळायला हवं, हे खरं. पण तो प्रेमळ आहे हे तुम्हाला माहीत. समोरच्या म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याला ते कसं कळणार? मोकळं सोडायचं तर बंद आवारात. मैदानात 10 मीटरची दोरी लावा, पळणंही होतं. आणि दोरी लावूनच एक पारख करा: वीस पावलांवर दुसरं कुत्रं असताना एकाच हाकेला तो तुमच्याकडे वळतो का? वळत नसेल, तर रस्त्यावर पट्टा काढायचा नाही.