खिडकीत कूलर बसवला की वायफायची रेंज काहून जाते?

प्रश्न वाचून हसू आलं, कारण नवतपा (मे अखेरचे ते नऊ तापते दिवस) जवळ आला की आमच्याकडेही हेच रडगाणं असते. तुम्ही लिहिलंय की प्रतापनगरला भाड्याच्या खोलीत राहता, घरमालकांचा राऊटर अंगणापलीकडे, खिडकीतून मस्त रेंज यायची, कूलर बसवला आणि गेली, अन मित्र म्हणतो मोटरमुळे होते. कूलर बंद करून बघा नं भाऊ, तरी रेंज आली नाही तर मोटर बिचारी निर्दोष.

माझं एमटेकचं काम पॅच अँटेनावर (सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या चपट्या तुकड्याचा अँटेना) होतं, तिथं शिकलो की अँटेनापेक्षा आजूबाजूचं मटेरियल जास्त छळते. एफआर४ या नेहमीच्या सर्किट बोर्डाचा परमिटिव्हिटी (विद्युत क्षेत्राला मटेरियल किती प्रतिसाद देते तो आकडा, हवेचा जवळपास १) ४.४ धरून २.४५ गिगाहर्ट्झचा अँटेना डिझाइन केला आणि बनवून आला तो २.३७ वर, कारण त्या बोर्डाचा आकडा ४.७ च्या आसपास होता. चार महिने डोकं खाल्लं त्यानं.

तर तुमचा कूलर. पत्र्याची बॉडी म्हणजे आरसाच, वायफायच्या फ्रिक्वेन्सीला (२.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ) लाट धातूत काही मायक्रॉनच शिरते, त्यामुळे पत्रा पातळ की जाड याने काही फरक पडत नाही. पण मागच्या जाळीला आडव्या फटी असतात आणि गंमत तिथे आहे. राऊटरची दांडी (अँटेना) उभी असेल तर लाटेचं विद्युत क्षेत्रही उभं, आणि उभं क्षेत्र आडव्या लांब फटीतून निघून जाते, दांडी आडवी केली तर अडते. जगदीशचंद्र बोसांनी १८९०च्या दशकात कलकत्त्याला रेल्वे टाइमटेबलच्या पानांमध्ये कथिलाचे पातळ पत्रे घालून असाच पोलरायझर (एकाच दिशेचं क्षेत्र जाऊ देणारी चाळणी) केला होता, घरच्या सामानातून, याला म्हणतात रिसर्च.

म्हणजे लाट फटीतून आली, पण पुढे कूलरच्या पॅडमधलं ओलं वुडवूल (लाकडाचं गवत). पाण्याचा परमिटिव्हिटी ७८ च्या घरात, शिवाय पाण्याचे रेणू लाटेसोबत फिरायला बघतात, मागे पडतात आणि पॉवर उष्णता होऊन जाते. (मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो कारण तो पाण्याचा रेझोनन्स, म्हणजे रेणूंची स्वतःची खास फ्रिक्वेन्सी आहे असं ऐकाल, ते खोटं, पाण्याचं शोषण त्याच्या कितीतरी वर, १८-२० गिगाहर्ट्झच्या आसपास शिखरावर असते.) २.४ वर दीड-दोन सेंटिमीटर पाण्यात निम्म्याहून जास्त पॉवर संपते, ५ गिगाहर्ट्झवर तेवढंच अर्ध्या सेंटिमीटरच्या आत. पॅडमध्ये अर्थात एवढं सलग पाणी नसते, पण मी आमच्या खोलीत मोबाईलवर रेंज पाहिली तर पॅडवर पाणी टाकणारा टिल्लू पंप चालू करून दहा मिनिटांनी सहा-सात डीबी उतरली होती, म्हणजे पॉवर पाव राहिली.

आता करायचं काय तर फोन ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवरून २.४ च्या वायफायवर आणा, मालकांना म्हणा दांडी उभी ठेवा. आणि मुख्य, कूलरच्या बाजूला खिडकीत जी जागा उरते ती तुम्ही पत्र्यानं किंवा चंदेरी फॉइलवाल्या शीटनं बुजवली असेल, बहुतेक सगळे तेच करतात, ते काढून थर्माकोल लावा. थर्माकोल म्हणजे जवळपास हवाच, परमिटिव्हिटी १.०५ च्याही खाली, अँटेना मोजताना आम्ही लॅबमध्ये त्याच्याच ठोकळ्यावर ठेवायचो. गरम हवा अडते, लाट येते, फक्त त्यावर चंदेरी कागद चिकटवू नका राजेहो.